शस्त्रक्रियेनंतरचा शेक

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात, किंवा तेथे उपचारांसाठी गावोगावांहून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देणाऱ्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, घटकाभर बसून शेजारच्या माणसांचे बोलणे कानावर पडू दिले, तर ‘किरणोपचार’ हा ग्रांथिक शब्द सहसा ऐकू येत नाही. ऐकू येतो तो ‘शेक’. किती शेक झाले, किती राहिले, शेक घेऊन आल्यावर जेवण जाते की नाही, अशीच विचारपूस चाललेली असते. कोणी त्याला ‘लाईट’ म्हणतो, कोणी ‘करंट’ म्हणतो. परंतु आपल्या घरांत मुरगळलेल्या पायाला तापलेल्या विटेचा आणि बाळंतिणीला शेगडीचा जो शेक पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आला, त्याच्या ओळखीमुळे हा शब्द एका परक्या आणि भीतिदायक उपचाराला घरगुती आश्वासकता प्राप्त करून देतो, आणि म्हणूनच तो टिकला असावा.

शब्द गोड आहे, पण फसवा आहे. किरणोपचाराची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. शरीराच्या एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे मात्रा झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांत मिळून साधारणतः 50 ते 54 ग्रे दिले जात असत, आणि ही सगळी ऊर्जा एकाच क्षणी दिली असे धरून हिशेब मांडला तरी त्या जागेचे तापमान फार तर 0.013 अंश सेल्सियसने वाढेल. चहाच्या एका घोटाने याहून अधिक ऊब येते. तेव्हा या शेकात उष्णतेचा संबंध नाही. जे घडते ते पेशीच्या केंद्रकात, जेथे आनुवंशिकतेचे दप्तर असलेल्या डीएनएचे दोन्ही धागे किरणांच्या आघाताने तुटतात, आणि पुढे विभागण्याची वेळ आली म्हणजे ती पेशी मरते. निरोगी पेशीला ही तूट सांधण्याचे कसब अधिक असते, कर्कपेशीला कमी. म्हणून पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉड रेगो आणि आंरी कुतार यांनी 1920च्या दशकात जो शिरस्ता घालून दिला, की सर्व मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी द्यावी, म्हणजे मधल्या अवकाशात निरोगी ऊतीला डागडुजी करता येईल, तोच आजतागायत चालत आला आहे. आठवड्यातून पाच दिवस शेक, शनिवार-रविवार सुटी, हे वेळापत्रक त्यातूनच आलेले आहे.

घरगुती शेकाविषयी आपली आणखी एक समजूत असते, की त्याने गुण आला तर उत्तम, न आला तरी अपाय काही नाही. नेमकी हीच समजूत किरणोपचाराच्या बाबतीत किती महागात पडू शकते, याची कैफियत मला येथे मांडावयाची आहे. आणि ती केवळ सामान्य माणसाची समजूत नव्हती, तर थोर थोर वैद्यांचीही बराच काळ होती.

फुप्फुसाचा कर्करोग फुप्फुसातच थांबता तर हा प्रश्नच उद्‌भवला नसता. फुप्फुसातून जो लसीकारस वाहून नेला जातो, त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी लसीका ग्रंथी असतात, जणू मुलखाच्या सरहद्दीवरची जकातनाकीच. फुप्फुसातून निसटलेल्या कर्कपेशी प्रथम या नाक्यांवर अडतात, आणि तेथेच बस्तान बसवितात. पहिली नाकी फुप्फुसाच्या देठाशी असतात. दुसरी, अधिक महत्त्वाची, दोन फुप्फुसांच्या मधल्या त्या दाटीच्या प्रदेशात, जेथे हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकांना खेटून नांदतात. पहिल्या फळीत रोग पोचला तर डॉक्टर आपल्या टिपणात ‘एन-1’ लिहितात, त्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींत पोचला तर ‘एन-2’. आणि हा ‘एन-2’चा रोग बहुधा तिसऱ्या टप्प्यात मोडतो. त्याला ‘स्थानिकदृष्ट्या प्रगत’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. रोगाच्या संदर्भात ‘प्रगत’ हे विशेषण वापरताना आपल्या परिभाषाकारांना कसे काही वाटले नाही, हे एक कोडेच आहे; परंतु अर्थ एवढाच, की रोग मूळ ठिकाण सोडून शेजारी गेला, दूरच्या अवयवांत मात्र अजून दिसत नाही. शस्त्रक्रियेची आशा धरण्याजोगी ही शेवटची पायरी. आपल्याकडे तर पुष्कळांच्या बाबतीत खोकला आणि क्ष-किरण चित्रातली सावली पाहून आधी क्षयाचीच औषधे सुरू होतात, त्यात महिने जातात, आणि रुग्ण या पायरीवर किंवा तिच्याही पलीकडे गेल्यावर खरे निदान होते.

संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून कर्करोगाच्या रुग्णाला वाचविण्याचे पहिले यश 5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम या शल्यविशारदाने मिळविले. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. या घटनेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच मोलाचा: फुप्फुस काढून झाल्यावर ग्रॅहॅमने त्याच्या उरलेल्या देठात रेडॉनच्या किरणोत्सर्गी कुप्या रोवून ठेवल्या. म्हणजे चाकूने काढल्यावर जे अदृश्य उरले असेल ते किरणांनी जाळावे, ही कल्पना या शस्त्रक्रियेबरोबरच, तिच्या जन्मदिवशीच जन्माला आली. तो रुग्ण पुढे सुमारे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम मात्र 1957 साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेला; तो मोठा धूम्रपानी होता, आणि धूम्रपान व हा रोग यांचा संबंध दाखविणाऱ्या 1950 सालच्या निबंधावर एर्न्स्ट विंडर याच्या नावाबरोबर ग्रॅहॅमचेही नाव आहे.

कल्पना इतकी सयुक्तिक होती, की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाला वाटू नये. आपल्या शेतकऱ्याला हरळीचा अनुभव आहे; कितीही खोल खणून काढली तरी मातीत राहिलेल्या बोटभर मुळीतून ती पुन्हा फुटते, आणि म्हणून शहाणा शेतकरी खणल्यावर ती जमीन उन्हात तापू देतो. शल्यविशारदाने गाठ काढली, ग्रंथी काढल्या, परंतु त्या दाटीच्या प्रदेशात हृदयाच्या आणि महारोहिणीच्या आडोशाला एखादी मुळी राहिली नसेलच याची ग्वाही कोण देणार? रोग तेथेच उलटतो असा अनुभवही होता. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर छातीच्या मधोमध शेक द्यावा, हा जवळजवळ रिवाज होऊन बसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो रुग्णांना तो सद्भावनेने दिला गेला.

सद्भावना आणि पुरावा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे वैद्यकाला शिकविणारी रीत त्याच सुमारास रूढ होत होती. ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी 1948 साली प्रसिद्ध झाली, तिच्यापासून हा दंडक पडला, की दोन उपचारांची तुलना करावयाची तर कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावे. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शेकाविषयी अशा नऊ चाचण्या निरनिराळ्या देशांत झाल्या होत्या. एकेकटीचा निष्कर्ष संदिग्ध होता. 1998 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या नऊही चाचण्यांतील 2128 रुग्णांचा एकत्र जमाखर्च मांडला गेला, आणि तो वाचून जगभरचे किरणोपचारतज्ज्ञ हबकले. शेक घेतलेल्यांत मृत्यूचा धोका कमी झालेला नव्हता; तो 21 टक्क्यांनी वाढला होता. दोन वर्षांनंतर, शेक न घेतलेल्यांपैकी 55 टक्के हयात होते, तर शेक घेतलेल्यांपैकी 48 टक्के. पुढल्याच वर्षी फ्रान्समधील 728 रुग्णांच्या चाचणीचा अहवाल आला, त्यातली तफावत तर याहून बोलकी होती: पाच वर्षांनंतर शेक न घेतलेले 43 टक्के जिवंत, घेतलेले 30 टक्के, आणि कर्करोगाखेरीज अन्य कारणांनी मरण्याचे प्रमाण पहिल्या गटात 8 टक्के, तर दुसऱ्यात 31 टक्के. रोगाने जे साधले नसते ते उपचाराने साधले, असे म्हणण्याची पाळी आली.

बचावपक्षाकडेही सांगण्यासारखे होते, आणि ते उडवून लावण्याजोगे नव्हते. त्या चाचण्यांतील पुष्कळ रुग्णांना कोबाल्टच्या जुन्या यंत्रांवर, छातीच्या समोरून आणि पाठीमागून आखलेल्या मोठ्या चौकोनी क्षेत्रांतून मात्रा दिली गेली होती, आणि त्या चौकोनात हृदयाचा व धडधाकट फुप्फुसाचा जो भाग येई तो रोगाबरोबर भरडला जाई. फ्रान्सच्या चाचणीत तर रोजची मात्रा जितकी मोठी तितके मृत्यू अधिक, असे दिसून आले होते. शिवाय अपाय मुख्यतः ज्यांच्या मधल्या ग्रंथी निरोगी होत्या, म्हणजे ज्यांना या शेकाची गरजच कमी होती, त्यांच्यात दिसला. ‘एन-2’च्या रुग्णांत तो तितका स्पष्ट नव्हता. मधल्या ग्रंथी निरोगी असलेल्या रुग्णांचा शेक त्यानंतर बंद पडला, ते योग्यच झाले. ‘एन-2’च्या रुग्णांविषयी मात्र मामला तहकूब राहिला.

त्यानंतरच्या वीस वर्षांत यंत्रे पालटली. कोबाल्टची जागा रेषीय त्वरकाने घेतली. सीटी स्कॅनच्या प्रत्येक कापावर, एखाद्या जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहावी तशी, कोठवर किरण जावेत आणि कोठे जाऊ नयेत याची रेषा डॉक्टर स्वतः आखू लागले. श्वासाबरोबर छातीतले अवयव किती वरखाली होतात तेही मोजले जाऊ लागले. 2006 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग-नोंदवहीतील 7465 रुग्णांच्या दाखल्यांवरून असे प्रसिद्ध झाले, की ‘एन-2’च्या रुग्णांपैकी शेक घेतलेले अधिक जगले. आशा पुन्हा पालवली. परंतु नोंदवही म्हणजे चिठ्ठ्यांची चाचणी नव्हे. ज्याची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरली, जो रोज रुग्णालयात हेलपाटे घालू शकला, त्यालाच शेक मिळाला असणार. मग तो अधिक जगला याचे श्रेय शेकाला द्यावयाचे की त्याच्या मूळच्या धडधाकटपणाला, हे अशा दप्तरावरून ठरत नाही.

ते ठरविण्यासाठी युरोपातील पाच देशांत ‘लंग आर्ट’ ही चाचणी योजण्यात आली. ज्यांची गाठ पूर्णपणे काढली गेली आहे, पण मधल्या ग्रंथींत रोग सापडला आहे, अशा 501 रुग्णांनी 2007 ते 2018 या अकरा वर्षांत तीत भाग घेतला. अकरा वर्षे! निम्म्यांना 54 ग्रे, 27 ते 30 दिवसांत विभागून. उरलेल्यांना शेक नाही, फक्त देखरेख. अहवाल 2020 साली प्रथम मांडला गेला. तीन वर्षांनंतर रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण शेक घेतलेल्यांत 47 टक्के आणि न घेतलेल्यांत 44 टक्के, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल इतकाच फरक. आणि एकूण हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 67 आणि 69 टक्के. चीनमध्ये बीजिंगच्या कर्करोग रुग्णालयात 394 रुग्णांवर, अधिक आधुनिक तंत्राने झालेल्या चाचणीचा निवाडाही 2021 साली त्याच दिशेने लागला.

या आकड्यांच्या पोटात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे, आणि मला तर तीच या सबंध प्रकरणाचे मर्म वाटते. शेक निष्प्रभ ठरला असे नाही. ‘लंग आर्ट’मध्ये ज्यांचा रोग उलटला किंवा ज्यांना मृत्यू आला, त्यांपैकी छातीच्या मधल्या प्रदेशात प्रथम रोग उलटण्याचे प्रमाण शेक न घेतलेल्यांत 46 टक्के होते, शेक घेतलेल्यांत ते 25 टक्क्यांवर आले. म्हणजे ज्या कामगिरीवर त्याला पाठविले ती त्याने चोख बजावली. हरळीची मुळी त्याने जाळली. परंतु रोग न उलटताच मृत्यू येण्याचे प्रमाण त्याच हिशेबात 5 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेले. झालेल्या मृत्यूंपैकी हृदय वा फुप्फुस निकामी होऊन ओढवलेले मृत्यू शेकाच्या गटात 16 टक्के, दुसऱ्यात 2. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. ज्याचे एक फुप्फुस किंवा त्याचा मोठा खंड आधीच काढला आहे, ज्याने बहुधा वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढून हृदयही थकविले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर रिकाम्या जागेकडे ज्याचे हृदय थोडेफार सरकले आहे, त्याच्या छातीच्या मधोमध किरण सोडणे म्हणजे भरवस्तीत चोर पकडण्यासाठी गोळीबार करणे होय. त्यातून या रोगाने माणूस दगावतो तो बहुधा दूरच्या फितुरीने, मेंदूत, हाडांत, यकृतात गेलेल्या पेशींमुळे. आणि तेथे छातीवरच्या शेकाचा अंमल चालत नाही. तो चालतो औषधांचा. शस्त्रक्रियेनंतर सिसप्लॅटिनवर आधारलेली केमोथेरपी दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांत शेकडा सुमारे पाचांची भर पडते, हे 2008 पर्यंत सिद्ध झाले होते. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा विशिष्ट बदल सापडतो, त्यांना ओसिमर्टिनिबच्या गोळ्यांचा उपयोग त्याहून किती तरी अधिक होतो, आणि हा बदल पाश्चात्त्यांपेक्षा आशियातील रुग्णांत, आपल्याकडेही, अधिक आढळतो. प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे तर आता शस्त्रक्रियेच्या आधीच देण्याकडे कल आहे. या औषधांची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग शस्त्रक्रियेनंतरचा शेक कायमचा बाद झाला काय? नाही, आणि येथे वाचकाने थोडे सावध व्हावे. वरच्या चाचण्या ज्यांची गाठ पूर्णपणे निघाली त्यांच्यापुरत्या आहेत. काढलेला फुप्फुसाचा तुकडा विकृतिशास्त्रज्ञाकडे, म्हणजे ज्याला आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो त्याच्याकडे जातो. तो त्याच्या कडांना शाई लावतो, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि शाईच्या रेषेपर्यंत कर्कपेशी भिडलेल्या दिसल्या तर काठ स्वच्छ नाही असा शेरा मारतो. असा शेरा असेल तर रोग आत उरला आहे हे अनुमान राहत नाही, ती वस्तुस्थिती होते. आणि तेथे शेक देण्याचीच शिफारस आजही केली जाते. ग्रंथीचे कवच फोडून रोग बाहेर आला असेल, किंवा पुष्कळ ग्रंथींत तो सापडला असेल, तर काही तज्ज्ञ रुग्णाचे हृदय आणि श्वासाची ताकद जोखून शेकाचा विचार करतात. ज्यांची शस्त्रक्रिया होऊच शकत नाही त्यांची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. त्यांच्यासाठी केमोथेरपीसह किरणोपचार हाच मुख्य उपचार आहे, तो कोणाच्या जोडीला आलेला नसतो. या लेखावरून कोणी आपला चालू शेक अर्ध्यावर सोडला, तर लेखकाच्या माथी पाप लागेल.

ज्यांना तो घ्यावा लागतो त्यांना काय सोसावे लागते, हेही सांगितले पाहिजे. प्रथम सीटी स्कॅनच्या मेजावर हात डोक्यावर घेऊन निजवितात. बरगड्यांमधून चीर दिलेल्या बाजूचा हात वर नेताना जी कळ येते ती या उपचारातली पहिली परीक्षा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर खांद्याचे व्यायाम टाळू नयेत. छातीवर गोंदणाचे बारीक ठिपके देतात, रोज त्याच खुणांवर यंत्र जुळविण्यासाठी. मग जाड दाराच्या खोलीत रुग्ण एकटा, आणि बाहेर पडद्यावर त्याच्याकडे पाहणारे तंत्रज्ञ. किरण लागताना काही कळत नाही, ना ऊब, ना वेदना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र अन्ननलिका सुजते, घास उतरताना छातीत जळजळते, आणि तिखटजाळ रस्सा खाणाऱ्या आपल्या माणसाला मऊ भात, ताक आणि पेज यांवर दिवस काढावे लागतात. ही सूज उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरते. अधिक लक्ष ठेवायचे ते त्यानंतर: शेक संपून एक ते सहा महिने उलटल्यावर कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप सुरू झाली तर तो फुप्फुसाचा किरणजन्य दाह असू शकतो, त्यावर स्टेरॉइडचा उपाय आहे, पण तो वेळेवर व्हावा लागतो. अशा वेळी गावच्या डॉक्टरला शेक झाल्याचे कोणी सांगत नाही, आणि क्षयाच्या किंवा न्यूमोनियाच्या औषधांत पुन्हा दिवस जातात.

शेवटी नातलगांसाठी दोन शब्द. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला तीस शेक आणि आपल्या माणसाला एकही नाही, हे पाहून डॉक्टरांनी हयगय केली, किंवा पैसे कमी पडले म्हणून उपचार आखडला, असा संशय घेऊन भांडायला जाणारी मुले आणि जावई मी पाहिले आहेत. त्यांनी भांडण्याआधी पॅथॉलॉजीचा अहवाल हाती घ्यावा आणि डॉक्टरांना तीनच गोष्टी विचाराव्यात: काठ स्वच्छ आहेत काय, मधल्या किती ग्रंथींत रोग निघाला, आणि जनुकांची तपासणी झाली आहे काय. हृदयाचे जुने दुखणे असेल तर ते न विचारता सांगावे. आणि तो अहवाल, मूळ प्रत, घरी ट्रंकेत न ठेवता प्रत्येक खेपेस बरोबर न्यावा.